दहा वर्षांचा लॅपटॉप, व्हॅलोरंट आणि आपला उन्हाळा

परीक्षा संपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मार्चपर्यंत प्रोजेक्टची फाईल उघडत नाही, प्रिंटर कागद ओढत नाही. एप्रिल उजाडला की गेम. यंदा अमळनेर, भुसावळ, शहादा, धुळे आणि चोपडा इथून आलेले प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले होते की एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्यालाही लागेल. म्हणून ते एकत्र घेतले आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यात एका मुलाने कष्टाने जमवलेल्या पैशांचा प्रश्न आहे.

प्रश्न : ताई, मी अमळनेरला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे मोठ्या बहिणीचा लॅपटॉप आहे. तिने २०१५ मध्ये इंजिनीअरिंगसाठी घेतला होता. आय५-५२०० यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक इंटेल एचडी ५५००. मित्र व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे बंदुकीचे ऑनलाइन गेम खेळतात. व्हॅलोरंट टाकून पाहिला. पहिली पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो, मग अडखळायला लागतो. समोरचा माणूस दिसतो तोवर मी मेलेला असतो. गणपतीत मंडपाच्या लायटिंगचं काम करून सात हजार जमवलेत. ते या लॅपटॉपवर घालू का? दुकानदार म्हणतो, हा भंगारात दे आणि हप्त्यावर नवीन घे. आई म्हणते, ‘रातभर काय करी राहिना रे?’

उत्तर : आधी सरळ उत्तर. व्हॅलोरंट या लॅपटॉपवर खेळण्याजोगा चालेल. काउंटर-स्ट्राइक २ सुरू होईल, पण त्यात मजा येणार नाही. वॉरझोन हा गेम आणि पबजीची कॉम्प्युटरवरची आवृत्ती यांचा विचारच करू नकोस. पबजी किमान जीटीएक्स ९६० दर्जाचं स्वतंत्र ग्राफिक कार्ड मागतो आणि ते तुझ्या मशीनमध्ये बसवताच येत नाही. हप्त्यावर नवीन घेण्याचं मात्र आज काहीच कारण नाही.

आता हे कशावरून, ते सांगते. व्हॅलोरंट २०२० च्या जूनमध्ये आला, तोच मुळी साध्या मशीनवर चालावा म्हणून बांधलेला. कंपनीने जाहीर केलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि इंटेल एचडी ४००० ग्राफिक एवढीच आहे, तीही पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं मिळावीत या हिशेबाने. सेकंदाला ६० हवी असतील तर जीटी ७३० हे कार्ड सांगितलंय. तुझं एचडी ५५०० हे एचडी ४००० च्या पुढचं, म्हणजे तू या दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा आहेस. काउंटर-स्ट्राइकची गोष्ट वेगळी. जुना ग्लोबल ऑफेन्सिव्ह २०१२ चा होता आणि तुझ्यासारख्या लॅपटॉपवर आरामात चालायचा. २७ सप्टेंबर २०२३ ला त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला. त्याला ८ जीबी रॅम लागते, डिस्कवर ८५ जीबी मोकळी जागा लागते. प्रोसेसरला चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चार कामं ओढायची सोय हवी, ती तुझ्याकडे आहे, कारण तुझ्या आय५ मध्ये कोर दोनच असले तरी थ्रेड चार आहेत. म्हणून रॅम ८ जीबी केलीस तर कागदावर तो बसतो. पण त्यातला धूर आता खरोखरच्या धुरासारखा पसरतो, गोळी गेली की त्याला भोक पडतं, हातबॉम्ब फुटला की तो विरतो, आणि हे सगळं तुझ्या एवढ्याशा ग्राफिक चिपला दर क्षणी नव्याने काढावं लागतं. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या अशा मशीनवर हा गेम सेकंदाला तीसेक चित्रांच्या आसपास असतो आणि धूर पडला की विशीत घसरतो. नेमका धूर पडतो तेव्हाच तर नजर आणि हात एकत्र चालायला हवेत.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे ‘पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो’. मशीन अशक्त असती तर पहिल्या मिनिटापासून अडखळली असती. वीस मिनिटांनी अडखळते, याचा अर्थ बहुधा ती तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. तुझा प्रोसेसर १५ वॅटचा आहे, आणि त्या १५ वॅटमध्ये प्रोसेसर व ग्राफिक दोघांनी भागवायचं असतं. मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, जोर लावला की २.७ पर्यंत. आतली चिप १०५ अंशांपर्यंत तग धरते, पण बऱ्याच लॅपटॉपांत त्याच्या बरंच आधी वेग उतरवायची सोय केलेली असते.

इथे आपल्या खान्देशाचं हवामान मध्ये येतं, आणि याबद्दल इंटरनेटवरचे सल्ले काही सांगत नाहीत. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंशांवर असताना चिप जितकी तापते, त्यापेक्षा खोली ४० अंशांवर असताना ती साधारण पंधरा अंशांनी जास्त तापणार. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखालच्या खोलीचं तर विचारूच नका. पुण्यात बसून कुणी ‘माझा हाच लॅपटॉप मस्त चालतो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याची खोली वेगळी असते.

दुसरी आपली गोष्ट म्हणजे कापूस. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगच्या परिसरातून, कापूस साठवलेल्या घरांतून येणारे लॅपटॉप मी उघडते तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये रुईचा घट्ट थर सापडतो. बाहेरून दिसत नाही. पंखा फिरताना ऐकू येतो, हवा मात्र बाहेर पडत नाही. जाळीने गोधडी पांघरलेली असते. बाहेरून ब्लोअर मारला की हा थर निघत नाही, उलट आणखी आत दाबला जातो. त्यासाठी खालचं झाकण उघडून, पंखा सोडवून, जाळी मागून झटकावी लागते. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो उलटा गरगरून बेअरिंग खराब होतं. दहा वर्षांत चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता जाळीकडे नेणारा लेप, हीही खडखडीत वाळलेली असणार, तीही बदलून घ्यायची. तुझा पहिला खर्च हा. अमळनेरला विश्वासाचा माणूस असेल तर तिथेच कर, नाहीतर जळगावला आलास की गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन ठिकाणी विचार, आणि काम समोर बसून करून घे. जुनी पेस्ट पुसताना तुला दिसली पाहिजे.

त्याआधी घरी एक तपासणी कर. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. गेम पूर्ण पडद्यावर न घेता छोट्या विंडोत चालव, शेजारी हे पान ठेव. सुरुवातीला अडीचच्या आसपास असलेला आकडा गेम अडखळायला लागल्यावर दीडवर किंवा एकच्याही खाली आला, तर रोग उष्णतेचा. आकडा वरच राहिला आणि तरी गेम अडखळला, तर रोग रॅमचा किंवा डिस्कचा. त्याच पानावर मेमरीवर टिचकी मार. रॅमच्या किती खाचा भरल्यात ते तिथे लिहिलेलं असतं. तुझ्यात दोनपैकी एक भरलेली असण्याची शक्यता दाट आहे.

तसं असेल तर तुझा दुसरा खर्च ठरला, आणि माझ्या मते याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. तुझ्या ग्राफिक चिपला स्वतःची मेमरी नाही, ती लॅपटॉपच्या रॅममधूनच उसनं घेते. एकच रॅम असेल तर तिला सेकंदाला १२.८ जीबी एवढ्या वेगाने माहिती मिळते. तशीच दुसरी रॅम शेजारच्या खाचेत बसवली की दोन्ही मिळून २५.६. ग्राफिकची भूक भागते. म्हणून ४ जीबी काढून ८ ची एकच लावू नकोस. ४ च्या शेजारी ४ लाव. खरेदी करताना रॅमवर डीडीआर३एल, १६०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट हे तिन्ही वाचून घे. नुसती डीडीआर३ ही दीड व्होल्टची असते. ती खाचेत बरोबर बसते, त्यामुळे दुकानातही चुकून दिली जाते, आणि मग लॅपटॉप सुरूच होत नाही. डीडीआर४ ची खाच वेगळी, ती बसणारच नाही. काही सडपातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, म्हणून झाकण उघडलं की आधी खाच आहे का बघ, मग पैसे दे.

तिसरा खर्च, पैसे उरले तर, २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. याबद्दल दुकानात बरंच काही सांगितलं जातं, म्हणून स्पष्ट लिहिते: एसएसडीने चित्रांची संख्या वाढत नाही. लॅपटॉप लवकर सुरू होईल, नकाशा लवकर उघडेल, फेरी सुरू होऊन गेल्यावर आत पोहोचायची वेळ तुझ्यावर येणार नाही. शिवाय ४ जीबी रॅम भरली की विंडोज डिस्कवर माल टाकायला लागतं आणि जुनी डिस्क तेव्हा गेमसकट सगळं क्षणभर गोठवते. तो धक्का जाईल. अभ्यासासाठीही हीच वस्तू सगळ्यात उपयोगी पडेल. पण क्रम मोडू नकोस. आधी सफाई, मग खेळून बघ. मग रॅम, मग पुन्हा खेळून बघ. पुरेसं वाटलं तिथे थांब आणि उरलेले पैसे ठेव.

आता सेटिंग. ग्राफिकची सगळी बटणं लो वर, अँटी-अलायझिंग बंद, हे तुला माहीत असेल. बरेच जण करत नाहीत ती गोष्ट म्हणजे एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, मर्यादा घालणं. तुझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० च चित्रं दाखवतो. गेम मोकळा सोडला तर मशीन रिकाम्या गल्लीत ८० काढते, त्यात तापते, आणि चकमक सुरू झाली की २५ वर कोसळते. ६० चित्रं असताना एक चित्र १७ मिलिसेकंदांत येतं, २५ असताना ४० मिलिसेकंदांत. हाताला बसलेली सवय त्या उडीने मोडते. नेम चुकतो तो इथे. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये कायमची मर्यादा घालता येते. आधी ६० ठेव. अर्ध्या तासाने घसरायला लागलं तर ४५ कर. चाळीस-पंचेचाळीसवर न हलता चालणाऱ्या मशीनवर तू ऐंशी-पंचवीसच्या उड्या मारणाऱ्या मशीनपेक्षा नक्की चांगला खेळशील. चार्जर लावूनच खेळ, बॅटरीवर वेग आपोआप उतरतो.

विंडोजबद्दल दोन शब्द, कारण इथे बरेच जण फसतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. तुझा प्रोसेसर पाचव्या पिढीचा. कुणी आडमार्गाने ११ टाकून देईल, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी मागतो. त्या नसतील तर गेम आत घेणार नाही. म्हणून १० वरच राहा, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदव. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार आहेत. आणि पेन ड्राइव्हवर ‘गेमिंग विंडोज’ म्हणून जे फिरतं, ते कुणी फुकट दिलं तरी टाकू नकोस. त्यातून सुरक्षेचे भाग काढून टाकलेले असतात. त्याच लॅपटॉपवर तुझ्या बहिणीचं, आईचं बँकेचं काम होत असेल. रॅम रिकामी करून देणारे, गेमचा वेग दुप्पट करतो म्हणणारे सॉफ्टवेअरही नकोत. तेच रॅम खातात.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. मला एवढंच वाटतं की मंडपावर चढून मिळवलेले पैसे आहेत, तुझ्या आवडीवर खर्च करायचा तुला हक्क आहे, आणि दुकानदाराच्या एका वाक्यावर चालत्या मशीनला भंगार म्हणू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा दहावीची परीक्षा दिल्यापासून दुपारभर पलंगावर लॅपटॉप ठेवून बंदुकीचे गेम खेळतो. कूलर समोरच असतो. लॅपटॉप इतका तापतो की हात लावत नाही. गेममुळे लॅपटॉप खराब होतो का? — एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, गेममुळे होत नाही, गादीमुळे होतो. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा घेतात. गादीवर ती जाळी बंद होते. पाट, लाकडी फळी, जुनं ताट, काहीही सपाट आणि टणक खाली हवं, आणि मागची बाजू दोन बोटं उचललेली. कूलरची हवा थेट लॅपटॉपवर घेऊ नका. ती ओलसर असते, आतली धूळ तिने ओली होऊन जाळीवर लिंपली जाते, आणि वाळली की ब्रशनेही निघत नाही. कूलर खोली थंड करू दे, लॅपटॉप त्याच्या झोतातून बाजूला ठेवा.

एक गोष्ट आज संध्याकाळीच बघा. लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का, टचपॅड वर आलाय का, किंवा झाकण नीट बसत नाही का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, आणि पलंगावर तर अजिबात ठेवू नका. बॅटरी काढून घ्यायला लगेच दुकानात न्या. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये अशा बॅटऱ्या वर्षातल्या इतर कुठल्याही काळापेक्षा जास्त येतात.

वेळेचं म्हणाल तर सकाळी सात ते दहा या वेळेत खेळू द्या. खोली थंड असते, गेम नीट चालतो, मुलाची चिडचिडही कमी होते. दुपारी तो अडखळणाऱ्या मशीनवर हरत बसतो आणि ‘अजून एक’ म्हणत खेळ लांबतो.

प्रश्न : शहाद्याहून लिहितोय. नेट ४० एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्टमध्ये पूर्ण येतं. तरी गेममध्ये माणसं एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारतात. मित्र म्हणतो लॅपटॉप जुना म्हणून. खरं का?

उत्तर : चित्र अडखळत असेल तर लॅपटॉप, चित्र गुळगुळीत आहे पण माणसं उड्या मारतात, तर नेट. तुमचं दुसरं आहे.

गेमला ४० एमबीपीएस लागतच नाहीत, एकसुद्धा पुरतो. गेम डाउनलोड करताना वेग कामाचा, खेळताना नाही. खेळताना लागतं ते प्रत्येक निरोपाचं वेळेवर पोहोचणं, आणि दर वेळी सारख्याच वेळात पोहोचणं. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि ते सेकंदाला १२८ वेळा सगळ्यांची जागा तपासतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. शहाद्याहून मुंबईला जाऊन परत यायला हजारेक किलोमीटर धरले तरी पाच मिलिसेकंद होतात. बाकी जे तीस-चाळीस मिलिसेकंद दिसतात ते वाटेतल्या यंत्रांचे आणि वळशांचे. त्यावर तुमचा ताबा नाही. घरातल्या शेवटच्या दहा फुटांवर मात्र आहे, आणि बहुतेक वेळा बिघाड तिथेच असतो.

जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड अनेकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे असतात. मित्राचा संशय एवढ्यापुरता बरोबर आहे. पण जुन्या लॅपटॉपला बहुधा लॅन केबलची खाच असते, जी नव्या सडपातळ लॅपटॉपांना नसते. राउटरपासून एक केबल ओढा. तपासून घ्यायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून आधी स्वतःच्या राउटरलाच सतत पिंग करत ठेवा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसेल. आकडा एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर असेल तर घरातलं जाळं ठीक. मध्येच ८०, २०० असे आकडे आले तर बाहेरच्या कंपनीला फोन करण्याआधी केबल लावा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल तर उड्या राहणारच, टॉवरवर गर्दी झाली की वाढणारच. आणि गेममध्ये कोणता सर्व्हर निवडलाय तेही बघा. मुंबईऐवजी सिंगापूरची खूण राहिली असेल तर घरात कितीही सुधारणा करा, फरक पडणार नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सामना शोधताना जास्तीत जास्त किती पिंग चालेल ते ठरवता येतं, तो आकडा खाली आणा. वीज जात असेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते.

प्रश्न : धुळ्यात एक सेकंडहँड लॅपटॉप मिळतोय. विकणारा म्हणतो, ‘२ जीबी ग्राफिक कार्ड आहे, सगळे गेम चालतात’. घ्यावा का?

उत्तर : ‘२ जीबी’ या शब्दांवर घेऊ नका. कार्डाचं नाव विचारा. जीफोर्स ८२०एम असेल तर नको. ते फर्मी नावाच्या जुन्या घराण्यातलं आहे, २०१८ नंतर त्याला गेमसाठी नवे ड्रायव्हर आलेले नाहीत, आणि दोन जीबी मेमरी असली तरी तिच्यातून माल उचलायची त्याची ताकद बेताचीच. ९२०एम थोडं पुढचं, पण त्यासाठी जास्तीचे पैसे देण्याजोगं नाही. जीटीएक्स १०५० किंवा १६५० असेल तर बोलणी करा. व्हॅलोरंट त्यांवर आरामात चालतो आणि काउंटर-स्ट्राइक २ सुद्धा खेळता येतो.

ऑफिसातून निघालेले आय५ आठव्या पिढीचे लॅपटॉप सध्या बाजारात भरपूर दिसतात. ते चांगले असतात. चार कोर, आठ थ्रेड, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. पण त्यांचं यूएचडी ६२० ग्राफिक जुन्या एचडी ५५०० पेक्षा फार पुढे नाही. अभ्यास, टॅली, कोडिंग यासाठी घ्या आणि व्हॅलोरंट सोबत मिळाला असं समजा. स्वतंत्र कार्ड परवडत नसेल तर रायझन ५ चे ३५०० यू किंवा त्यापुढचे बघा, त्यांतलं व्हेगा ग्राफिक बऱ्यापैकी दमदार असतं. तिथेही रॅमच्या दोन्ही खाचा भरलेल्या हव्यात.

घेण्याआधी दुकानात अर्धा तास गेम चालवायची परवानगी मागा. पाच मिनिटांत काही कळत नाही. अर्ध्या तासाने वेग टिकतो का, मागून गरम हवेचा झोत जोरात येतो का, पंखा खरखरतो का, बिजागरी सैल आहे का, हे बघा. परवानगी द्यायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : चोपड्याच्या होस्टेलवर आम्ही सहा जण आहोत. कुणाकडे २ जीबी, कुणाकडे ४ जीबीचे जुने लॅपटॉप. नेट जवळजवळ नाहीच. एकमेकांविरुद्ध खेळता येईल असं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. जळगावच्या सायबर कॅफेत आम्ही पोरं-पोरी असंच खेळायचो, शेजारच्या खुर्चीवर ओरडून.

नेट लागत नाही, लॅन लागतं, म्हणजे लॅपटॉप केबलने एकमेकांना जोडायचे. आठ खाचांचा एक साधा नेटवर्क स्विच (सगळ्यांच्या केबल जोडायची पेटी) आणि सहा केबल घ्या. वर्गणीत होऊन जाईल. गेम म्हणून असॉल्टक्यूब घ्या. फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, शंभर एमबीच्या आत मावतो आणि २ जीबीच्या लॅपटॉपवरही पळतो. ओपनअरीना आणि झोनॉटिकही फुकट. क्वेक ३ च्या इंजिनाचा कोड २००५ मध्ये खुला झाला, त्यावर ओपनअरीना उभा आहे. वेगवान आहे, पहिल्या दिवशी गोंधळाल. झोनॉटिक दिसायला सुंदर, पण तो ४ जीबीवाल्यांनीच टाकावा. काउंटर-स्ट्राइक १.६ हवा असेल तर तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आजही विकत मिळतो, पण स्टीम आता विंडोज ७ वर चालत नाही हे आधी बघा.

एकदाच कुणीतरी चोपड्यात चांगल्या नेटवर जाऊन गेम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा आणि पेन ड्राइव्हने सगळ्यांना द्यावा. सगळ्यांची आवृत्ती एकच हवी, नाहीतर सर्व्हर दिसत नाही. सहापैकी सगळ्यात दमदार लॅपटॉपवर सर्व्हर सुरू करा. दिसलाच नाही तर दोन गोष्टी तपासा: विंडोजमध्ये ते जाळं प्रायव्हेट म्हणून नोंदलं आहे ना, आणि फायरवॉलने पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणी घाईत ‘नाही’ दाबलं का. स्विचला राउटर जोडलेला नसेल तर प्रत्येकाला हाताने आयपी पत्ता द्या, १९२.१६८.१.११ पासून १६ पर्यंत, सबनेट २५५.२५५.२५५.०. मग यादीत सर्व्हर दिसेल, त्यावर टिचकी मारून सगळ्यांनी आत जायचं.